किल्ली कुणाच्या हाती? लघुउद्योगातील कागदपत्रे आणि अधिकारांची विभागणी



ज्यांचे बालपण दुकानात, वखारीत किंवा एखाद्या छोट्या कारखान्याच्या आवारात गेले, त्यांना घरातील किल्ल्यांचा जुडगा नक्कीच आठवत असेल. गल्ल्याची किल्ली वेगळी, गोदामाची वेगळी आणि कागदपत्रांच्या लोखंडी कपाटाची वेगळी. गोदामाची किल्ली विश्वासू कामगाराला सकाळी मिळे आणि संध्याकाळी परत येई. कपाटाची किल्ली मात्र आई-वडिलांवाचून कुणाच्या हाती जात नसे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. ज्याचे जे काम, त्याच्याकडे ती किल्ली, एवढा साधा तो व्यवहार होता.

गेल्या काही वर्षांत ते कपाट हळूहळू संगणकात आणि मोबाइलमध्ये शिरले. बिले, कोटेशन, पगारपत्रके, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, बँकेचे उतारे, भागीदारीचा करारनामा हे सारे आता एखाद्या फोल्डरमध्ये असते. परंतु किल्ल्यांचा जुना विवेक मात्र या स्थलांतरात मागेच राहिला. बहुतेक छोट्या व्यवसायांत एकच पासवर्ड असतो, तो सर्वांना ठाऊक असतो आणि कधीकधी तो संगणकाच्या पडद्याला चिठ्ठीने चिकटवलेलाही असतो. म्हणजे कपाट आहे, पण किल्ली कपाटालाच अडकवलेली आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण छोटे उद्योजक आहेत. कुणाचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, कुणाची बेकरी, कुणाचा केटरिंगचा व्यवसाय, तर कुणाचे प्रवासी तिकिटांचे कार्यालय. कोणती कागदपत्रे कुणी पाहावीत, कुणी बदलावीत आणि कुणी सांभाळावीत, याचा विचार कसा करावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. थोडी शिस्त आणि एका दुपारचा वेळ मात्र लागतो.

आमच्याच कार्यालयातील एक धडा

उपदेश करण्यापूर्वी आमची एक चूक कबूल केलेली बरी. काही वर्षांपूर्वी आमच्या संपादकीय कार्यालयात वर्गणीदारांची यादी एका ऑनलाइन तक्त्यात ठेवलेली होती. कार्यालयातील सर्वजण एकाच खात्याने, एकाच पासवर्डने ती यादी उघडत असू. एका महिन्यात अंक भलत्याच घरी जाऊ लागले. तपासल्यावर दिसले, की यादीच्या एका ठिकाणापासून पुढे प्रत्येक नावासमोर त्याच्या खालच्या माणसाचा पत्ता आलेला आहे. पत्त्याच्या स्तंभातील एक चौकट कुणीतरी पुसली होती आणि खालचे सारे पत्ते एकेक पायरी वर सरकले होते.

कुणी केले? नोंदीत बदल करणाऱ्याचे नाव पाहिले, तर तेथे केवळ कार्यालयाचे नाव होते, कारण आम्ही सर्वच त्या एका नावाने वावरत होतो. संशय गेला तो सुटीत मदतीला येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलावर. आम्ही त्याला उघडपणे काही बोललो नाही. पण यादीचे काम त्याच्याकडून काढून घेतले आणि त्यालाही ते समजले. तो येईनासा झाला. पुढे बदलाची नेमकी वेळ पाहिली तेव्हा लक्षात आले, की ती रविवारची रात्र होती. त्या रात्री एक पत्ता शोधण्यासाठी आम्ही स्वतःच लॅपटॉपवर ती यादी उघडली होती. चौकट पुसणारा हात आमचाच होता.

यादी पूर्ववत करता आली, कारण जुन्या आवृत्त्या शिल्लक होत्या. त्या मुलाच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली व त्याने ती मोठ्या मनाने केलीही. परंतु त्या प्रसंगाने एक गोष्ट आम्हाला कायमची शिकवली. अधिकारांची विभागणी ही केवळ मालकाच्या संरक्षणासाठी नसते. ती निरपराध कामगाराच्या संरक्षणासाठीही असते. जेथे प्रत्येकाजवळ प्रत्येक किल्ली असते, तेथे काही हरवले की प्रत्येकजण संशयित ठरतो, आणि संशय नेहमी सर्वांत दुबळ्या माणसावर जाऊन बसतो.

तत्त्व जुनेच आहे

संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी चार आपल्या छोट्या दुकानालाही जशीच्या तशी लागू पडतात.

पहिले तत्त्व किमान अधिकाराचे. प्रत्येकाला आपले काम पार पाडण्यासाठी जेवढा अधिकार आवश्यक आहे, तेवढाच द्यावा. दुसरे तत्त्व असे, की मुळात सर्व दारे बंद समजावीत व ज्याला परवानगी दिली त्याच्यासाठीच उघडावीत. सर्व उघडे ठेवून मग एकेकाला अडवत बसू नये. तिसरे तत्त्व दोन किल्ल्यांचे: महत्त्वाच्या कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या हाती असाव्यात. चौथे तत्त्व मानवी स्वभावाचे आहे. संरक्षणाची पद्धत वापरायला सोपी असावी, नाहीतर माणसे तिला वळसा घालतात. दर वेळी मालकाला फोन करून पासवर्ड विचारावा लागत असेल, तर तिसऱ्या दिवशी तो पासवर्ड भिंतीवर लिहिला जाणारच.

आपल्या चर्चच्या कायद्यातही हाच विवेक दिसतो, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार धर्मप्रांताचे अभिलेखागार कुलूपबंद असावे, त्याची किल्ली केवळ बिशप आणि चॅन्सेलर यांच्याकडे असावी, असे कलम ४८७ सांगते. त्यात प्रवेश हवा असेल तर परवानगी लागते. मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे, की स्वरूपतः सार्वजनिक असलेल्या आणि आपल्या व्यक्तिगत स्थितीशी संबंधित असलेल्या दस्तऐवजाची प्रत मिळण्याचा संबंधितांना अधिकार आहे. कलम ४८६ नुसार दस्तऐवजांची सूची करावी लागते, तर कलम ४८८ नुसार परवानगीवाचून ते बाहेर नेता येत नाहीत व नेल्यास ते थोड्याच काळापुरते. गुप्त अभिलेखागाराची किल्ली तर कलम ४९० प्रमाणे एकट्या बिशपकडे असते. सूची करणे, पाहण्याची परवानगी, प्रत देणे, बाहेर नेणे आणि किल्ली बाळगणे या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. संगणकावरील अधिकारांची सारी कला या पाच गोष्टी वेगळ्या ओळखण्यात आहे.

पहिली पायरी : सूची करा

आपल्याकडे कोणकोणती कागदपत्रे आहेत, हेच ठाऊक नसेल तर त्यांचे रक्षण कसे करणार? म्हणून प्रथम एका वहीत यादी करावी. उदाहरणादाखल आपण दहा-बारा माणसांचा फॅब्रिकेशनचा कारखाना घेऊ. मालक आहेत, त्यांची पत्नी पगार व बँक पाहते, एक अर्धवेळ हिशेबनीस आहे, विक्रीचे काम पाहणारा एक तरुण आहे, एक सुपरवायझर व त्याच्या हाताखाली वेल्डर आणि मदतनीस आहेत. ड्रॉइंग काढून देणारा माणूस बाहेरचा आहे आणि चार्टर्ड अकाउंटंटही बाहेरचे आहेत.

या कारखान्याच्या कागदपत्रांचे चार गठ्ठे होतात. पहिला गठ्ठा सर्वांसाठी: सुट्ट्यांची यादी, सुरक्षेच्या सूचना, कोरे अर्ज. दुसरा गठ्ठा कामाचा: ऑर्डर, ड्रॉइंग, मापे, डिलिव्हरी चलन. तिसरा गठ्ठा हिशेबाचा: खरेदी-विक्रीची बिले, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे उतारे. चौथा गठ्ठा मालकाचा: पगारपत्रके, कामगारांच्या आधार व पॅनच्या प्रती, कर्जाची कागदपत्रे, जागेचे दस्तऐवज, भागीदारीचा करारनामा.

या चार गठ्ठ्यांसाठी चार स्वतंत्र फोल्डर करावेत आणि ते शेजारीशेजारी ठेवावेत, एकाच्या पोटात दुसरा ठेवू नये. याचे कारण महत्त्वाचे आहे. गूगल ड्राइव्हसारख्या सेवांमध्ये एखाद्या फोल्डरचा अधिकार दिला, की सर्वसाधारणपणे त्याच्या आतील सर्व कागदपत्रांचा अधिकार आपोआप मिळतो. पाणी वरून खाली झिरपावे तसा. 'कारखाना' नावाच्या फोल्डरमध्ये 'पगार' नावाचा फोल्डर ठेवला आणि 'कारखाना' सुपरवायझरला उघडून दिला, तर त्याला नकळत सर्वांचे पगारही दिसू लागतात. पुढे काय घडते, हे ज्यांनी माणसे सांभाळली आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरी पायरी : माणसाला नव्हे, भूमिकेला अधिकार

डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या अमेरिकन संशोधकांनी १९९२ साली एक विचार पद्धतशीरपणे मांडला: अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावा आणि व्यक्तीला त्या भूमिकेत बसवावे. मोठ्या कंपन्या आज याच पद्धतीने चालतात. परंतु छोट्या व्यवसायाला तिचा उपयोग अधिक आहे, कारण तेथे एकच माणूस दोन-तीन कामे करतो आणि माणसे वारंवार बदलतात.

आपल्या कारखान्यात पाच भूमिका ठरतील: मालक, हिशेब, विक्री, उत्पादन आणि बाहेरचे सल्लागार. विक्रीच्या माणसाला कोटेशन तयार करण्याचा अधिकार हवा. पण लोखंड कोणत्या भावाने घेतले व नफा किती धरला, तो तक्ता त्याला दिसण्याची गरज नाही. सुपरवायझरला ड्रॉइंग पाहता आले पाहिजे. ते बदलता येऊ नये. चुकून एक आकडा बदलला, तर त्या मापाने पत्रे कापले जातील आणि कापलेला पत्रा पुन्हा जोडून मिळत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याला केवळ ड्रॉइंगचा फोल्डर पुरे. त्याला गिऱ्हाइकाचे बिल कशाला? चार्टर्ड अकाउंटंटांना हिशेबाचा गठ्ठा पाहता यावा. तेथे स्वतः मूळ बिल बदलण्याची त्यांनाही आवश्यकता नसते.

हा तक्ता वहीच्या एका पानावर मावतो. डाव्या बाजूला चार गठ्ठे, वर पाच भूमिका आणि प्रत्येक चौकटीत एकच शब्द: 'नाही', 'पाहणे', 'शेरा' किंवा 'बदल'. हे पान तयार झाले, की निम्म्याहून अधिक काम झाले. पुढचे सारे केवळ बटणे दाबणे आहे.

तिसरी पायरी : अधिकारांच्या पायऱ्या समजून घ्या

ऑनलाइन कागदपत्रांत बहुधा तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर माणूस केवळ पाहू शकतो. दुसऱ्या पायरीवर तो समासात शेरा लिहू शकतो, मजकुराला हात लावू शकत नाही. तिसऱ्या पायरीवर तो मजकूर बदलू शकतो. या तिन्हींच्या वर असतो तो त्या कागदाचा मालक. शंका असेल तेव्हा खालच्या पायरीपासून आरंभ करावा. गरज पडली तर वर चढवणे सोपे असते, वरून खाली उतरवणे मात्र मनाला लागते.

दोन बारकावे येथे ध्यानात ठेवावेत. गूगल ड्राइव्हमध्ये ज्याला बदल करण्याचा अधिकार मिळतो, तो मुळात इतरांनाही ते कागदपत्र उघडून देऊ शकतो. ही मुभा काढून घेण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती मालकाने आवर्जून वापरावी. दुसरे असे, की पाहणाऱ्याला प्रत डाउनलोड किंवा प्रिंट करता येऊ नये, अशीही व्यवस्था करता येते. अर्थात, पडद्याचा फोटो मोबाइलवर काढणाऱ्याला ती अडवू शकत नाही. म्हणून जे दाखवायचेच नाही, ते उघडूनच देऊ नये.

एक्सेल वापरणाऱ्यांनाही एक सूचना. एखादी शीट लपवणे किंवा तिला बदलापासून 'प्रोटेक्ट' करणे म्हणजे तिजोरी नव्हे. ती चुकून होणारे बदल टाळण्याची सोय आहे, गुप्ततेची नव्हे. फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड ठेवणे, हा वेगळा व अधिक भक्कम उपाय आहे. पगारपत्रकाची फाइल पाठवावीच लागली, तर ती अशा पासवर्डने बंद करून पाठवावी आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा.

लिंक आणि व्हॉट्सॲप

'ज्याच्याकडे लिंक असेल त्या कोणालाही' हा पर्याय अतिशय सोयीचा वाटतो आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे. अशी लिंक म्हणजे नाव नसलेली किल्ली. ती एका गटातून दुसऱ्या गटात जाते आणि दार कुणी उघडले, हे आपल्याला कळत नाही. दरपत्रक किंवा सुट्ट्यांची यादी अशी उघडी ठेवायला हरकत नाही. उरलेल्या तिन्ही गठ्ठ्यांसाठी मात्र प्रवेश प्रतिबंधित ठेवावा व ज्याला द्यायचा त्याचा ईमेल पत्ता लिहूनच द्यावा.

व्हॉट्सॲपची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे आपण फाइल दाखवत नाही, तिची प्रत देऊन टाकतो. ती प्रत घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये राहते, तो नोकरी सोडून गेला तरी राहते. शिवाय, चार दिवसांनी मूळ ड्रॉइंग बदलले, तर कारखान्यातील माणूस जुन्याच प्रतीवरून काम करत असतो. म्हणून महत्त्वाच्या कागदाची फाइल न पाठवता त्या प्रतिबंधित फोल्डरमधील लिंक पाठवावी. मग कागद एकच राहतो आणि सर्वांना अद्ययावत तोच दिसतो.

कागदाचा खरा मालक कोण?

अनेक व्यवसायांत सारे तक्ते एखाद्या हुशार कर्मचाऱ्याच्या किंवा पुतण्याच्या वैयक्तिक खात्यात तयार होतात. पुढे तो परदेशी जातो. त्याने ते खाते पुसले, तर त्याच्या मालकीची कागदपत्रेही जातात. त्याने खाते नुसते विसरून टाकले तरी धोका आहे. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतील मजकूर पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले व त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. कुणाचा दोष नसतानाही दहा वर्षांचे हिशेब अशा रीतीने हरवू शकतात.

म्हणून व्यवसायाच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची मालकी त्या खात्याकडे वर्ग करून घ्यावी. परवडत असेल तर सशुल्क कार्यालयीन खाते घ्यावे. त्याच्या काही योजनांत कागदपत्रे व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या मालकीची राहतात आणि बाहेरच्या माणसाला दिलेल्या अधिकाराला मुदतही घालता येते. या मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे केवळ पासवर्ड कळल्याने कुणी आत येऊ शकणार नाही. शिवाय, मालक अचानक आजारी पडल्यास त्या खात्यापर्यंत कसे पोहोचावे, हे घरातील एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असावे. बंद पाकिटात लिहून ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तरी चालेल. कर्त्या माणसाच्या निधनानंतर पासवर्डवाचून अडलेली कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. दुःखाच्या दिवसांत येणारी ही अडचण टाळता येण्यासारखी असते.

ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर ती आपोआप नाहीशी होते. म्हणून महिन्यातून एकदा महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कुलपात ठेवणे, हा जुना उपाय आजही सोडू नये.

स्वाक्षरी दुसऱ्याच्या खिशात

डिजिटल स्वाक्षरीचा तो लहानसा यूएसबी टोकन आणि त्याचा पासवर्ड हिशेब पाहणाऱ्यांच्या कार्यालयात कायमचा ठेवून देण्याची प्रथा सर्रास आढळते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे ही ज्याची स्वाक्षरी त्याची जबाबदारी आहे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक दुसऱ्याच्या घरी ठेवावे, असाच हा प्रकार होय. समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी टोकन आपल्याकडे असावा. विवरणपत्र भरण्याच्या वेळी तो न्यावा आणि परत आणावा.

तसेच जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक व ईमेल कुणाचा आहे, हे तपासावे. नोंदणी करून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचाच क्रमांक घातलेला असेल, तर सारे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि पुढे त्याच्याशी बिनसले, तर आपल्याच व्यवसायाच्या दारात आपण उभे राहतो. वेळीच दुरुस्ती करून घ्यावी. टॅलीसारख्या हिशेब-प्रणालीतही प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा. बँकेचे ऑनलाइन व्यवहार एकाने तयार करावेत आणि दुसऱ्याने मंजूर करावेत; दोन किल्ल्यांचे तत्त्व ते हेच.

कायदा काय अपेक्षितो?

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू व्हाव्यात, अशी तरतूद आहे. कामगारांची व गिऱ्हाइकांची वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था केली पाहिजे, हे या कायद्याचे सार आहे. त्यातील कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो आकडा छोट्या दुकानदाराला घाबरवण्यासाठी आम्ही देत नाही; या विषयाकडे किती गांभीर्याने पाहिले जाते, ते कळावे म्हणून देतो. हेतू संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे बंधनकारक नसेल तर, अशी माहिती काढून टाकावी असेही तो कायदा सांगतो. सोडून गेलेल्या कामगाराच्या आधार कार्डाची प्रत वर्षानुवर्षे उघड्या फोल्डरमध्ये पडून राहणे म्हणूनच योग्य नव्हे. केवळ ओळख पटवायची असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' मागावे.

उलट बाजूने, काही कागद ठेवणे बंधनकारक असते. जीएसटीचे हिशेब व नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. नोंदणीकृत कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असणे आवश्यक ठरले आहे. कुणी, केव्हा आणि काय बदलले, याची नोंद; आमच्या वर्गणीदारांच्या यादीत नेमकी तीच नव्हती.

येणे, जाणे आणि उजळणी

नवा माणूस आला की त्याला भूमिकेप्रमाणे अधिकार द्यावेत, स्वतःचा पासवर्ड त्याचा त्यालाच ठरवू द्यावा. काम बदलले तर नवे अधिकार देताना जुने काढून घ्यावेत. हे बहुतेकजण विसरतात व जुना कामगार सर्व किल्ल्यांचा धनी होऊन बसतो. माणूस सोडून जात असेल, तर त्याच दिवशी त्याची कागदपत्रे ताब्यात घ्यावीत, प्रवेश बंद करावा, व्हॉट्सॲपच्या गटांतून नाव काढावे आणि त्याला ठाऊक असलेले सामायिक पासवर्ड बदलावेत. हे रागाने करू नये. निरोपाच्या चहाबरोबर, सर्वांच्या बाबतीत सारखेच, नियम म्हणून करावे. दर सहा महिन्यांनी ते वहीतले पान उघडून प्रत्येक फोल्डर कुणाला दिसतो, हे ताडून पाहावे. आमच्या कार्यालयात पहिल्यांदा ही उजळणी केली, तेव्हा चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मदतनिसांची नावे यादीत आढळली.

अविश्वास नव्हे

आता सर्वांत अवघड प्रश्न. 'शेठ, माझ्यावर विश्वास नाही का?' असे वीस वर्षांचा जुना कामगार विचारील. धाकटा भाऊ तोंडाने काही न विचारता घरी जाऊन अबोला धरील. आपल्याकडचे छोटे व्यवसाय कुटुंबासारखे चालतात. तेथे फोल्डर बंद होणे म्हणजे घराचे दार बंद झाल्यासारखे वाटते. ही भावना खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये.

यावर उपाय म्हणजे नियमाचा आरंभ स्वतःपासून करणे. मालकाने सर्वांसमोर ते पान मांडावे आणि म्हणावे, ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार मीही माझ्याकडे ठेवलेला नाही, कारण ते माझे काम नव्हे. आमच्या कार्यालयात आज वर्गणीदारांची यादी संपादकाला केवळ पाहता येते. बदलता येत नाही. एखादा पत्ता बदलायचा असेल, तर आम्ही समासात शेरा लिहितो व ते काम पाहणारी व्यक्ती तो बदल करते. प्रारंभी थोडे विचित्र वाटले. आता मात्र रात्री निश्चिंत झोप लागते, कारण ज्या चुकीला आमचा हात पोहोचत नाही, ती चूक आमच्या हातून होणार नाही आणि तिच्यासाठी दुसऱ्या कुणाकडे संशयाने पाहण्याची वेळही येणार नाही.

वाचकहो, या आठवड्यात एक दुपार काढा. वहीचे एक पान घ्या, चार गठ्ठे लिहा, त्यांच्यासमोर माणसे लिहा. मग संगणक उघडून पाहा, की प्रत्यक्षात कोणती किल्ली कुणाच्या हाती आहे.